एकाच वाहिनीचे दोन न्याय

तामिळनाडूतील पुगलूर आणि केरळातील त्रिशूर यांना जोडणाऱ्या उच्चदाब विद्युत्‌वाहिनीचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २००० मेगावॅट वीज ३२० किलोव्होल्ट दाबाने वाहून नेणारी ही डी. सी., म्हणजे एकदिश प्रवाहाची, वाहिनी सार्वजनिक क्षेत्रातील पॉवर ग्रिड महामंडळाने ५०७० कोटी रुपये खर्चून उभारली. तिची एकूण लांबी सुमारे १६५ किलोमीटर आहे. त्यांपैकी सुमारे १३८ किलोमीटर ती मनोऱ्यांवरून जाते आणि केरळातील शेवटचे सुमारे २७ किलोमीटर जमिनीखालून, बहुतांशी रस्त्यांच्या कडेने पुरलेल्या केबलमधून जाते. उच्चदाबाची डी. सी. केबल आणि मनोऱ्यांवरची तार यांची अशी जोडणी आपल्या देशात झाली ही अभियंत्यांच्या आणि कामगारांच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे, आणि सरकारी प्रसिद्धिपत्रकांनी तो अभिमान यथास्थित मिरवला.

त्या प्रसिद्धिपत्रकांत एक गोष्ट मात्र आली नाही. समारंभाच्या दोनच वर्षे आधी, २०१८ च्या डिसेंबरात, याच वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला इरोड, तिरुप्पूर, कोइंबतूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी उपोषणाला बसले होते. नारळाच्या बागा, विहिरी आणि वर्षानुवर्षे कसलेली कोरडवाहू रानेही त्यांच्या डोळ्यांदेखत मनोऱ्यांच्या आखणीत गेली होती. त्यांची मागणी वीज नको अशी नव्हती. वीज न्या, पण ती राष्ट्रीय महामार्गांच्या कडेने, जमिनीखालून न्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. उच्चदाबाच्या ए. सी. तारेखाली नुसत्या हातात धरलेली ट्यूब पेटते, हे दृश्य त्या दिवसांत अनेकांनी पाहिले. सरकारपक्षाने त्यांना उत्तर दिले की, अशी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही आणि शक्य असली तरी परवडणार नाही.

जे तामिळनाडूत अशक्य होते, ते सीमा ओलांडताच त्याच वाहिनीवर, त्याच महामंडळाच्या हातून, त्याच दाबाला शक्य झाले. हा चमत्कार कसा घडला, याचा विचार करणे हे प्रस्तुत अग्रलेखाचे प्रयोजन आहे.

आरंभीच एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सरकारचे उत्तर सर्वस्वी खोटे नव्हते. पुगलूरला येणारी मोठी वाहिनी छत्तीसगडातील रायगढहून निघते. तिची लांबी सुमारे १७६५ किलोमीटर, दाब ८०० किलोव्होल्ट आणि क्षमता ६००० मेगावॅट आहे. एवढ्या दाबाची केबल जमिनीखाली लांबवर पुरल्याचा अनुभव त्या वेळी जगात कोठेही नव्हता. आपल्या चळवळीतील काही वक्ते सभांमधून सरसकट असे सांगत की, प्रत्येक हायटेन्शन तार जमिनीत गाडता येते, केवळ सरकारची इच्छा नाही. हे बरोबर नव्हे. शेतकऱ्यासमोर उभे राहून आपण जे बोलतो ते अभियंत्यासमोरही टिकले पाहिजे, नाहीतर पहिल्याच वाटाघाटीत अधिकारी त्याला निरुत्तर करतात आणि सारा लढा बदनाम होतो. म्हणूनच या विषयाच्या तांत्रिक अंगात थोडे खोल शिरणे आवश्यक आहे. वाचकांनी कंटाळू नये.

मनोऱ्यावरची तार उघडी असते. तिच्याभोवतीची हवा हेच तिचे रोधक वेष्टन, आणि तीच हवा तिची उष्णताही फुकट वाहून नेते. तार जमिनीत पुरली की या दोन्ही गोष्टी पैसे देऊन मिळवाव्या लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तेलात भिजवलेला कागद तांब्याभोवती गुंडाळून केबल तयार करीत. इटालियन अभियंता लुइगी इमानुएली याने पोकळ गाभ्यातून तेल खेळते ठेवण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोठ्या शहरांत १३२ किलोव्होल्टपर्यंत मजल गेली. आज कागदाची जागा क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीन या प्लास्टिकने घेतली आहे. या वेष्टनात केसाएवढी पोकळी किंवा धुळीचा एक कण राहिला तरी तेथूनच काही वर्षांनी केबल फुटते.

तथापि खरी अडचण उष्णतेची नसून धारितेची आहे. केबलमधील धातूचा गाभा, भोवतालचे वेष्टन आणि बाहेरचे धातूचे आवरण मिळून एक लांबच लांब विद्युत्‌धारित्र, म्हणजे कपॅसिटर, बनते. ए. सी. प्रवाहाची दिशा दर सेकंदाला शंभर वेळा बदलते, आणि प्रत्येक वेळी हे धारित्र भरावे आणि रिकामे करावे लागते. चारशे किलोव्होल्टच्या केबलला या भरण्या-रिकामे करण्यासाठीच दर किलोमीटरला चौदा-पंधरा अँपिअर प्रवाह लागतो. साठ-सत्तर किलोमीटरवर हा आकडा हजार अँपिअरच्या घरात जातो. म्हणजे केबल आपली बहुतेक ताकद स्वतःलाच भरण्यात खर्च करते आणि पलीकडच्या गावाला देण्याजोगे तिच्यापाशी फारसे उरत नाही. वाटेत ठिकठिकाणी रिअ‍ॅक्टर बसवून यावर काही प्रमाणात उपाय करता येतो, परंतु तो महागडा असतो. डी. सी. प्रवाहाला मात्र ही अडचणच नाही. केबल एकदा भरली की भरली. दोन्ही टोकांना रूपांतरण केंद्रे उभारण्याचा खर्च सोसला की केबल शेकडो किलोमीटर नेता येते. पुगलूर–त्रिशूर वाहिनी डी. सी. होती, ३२० किलोव्होल्टची होती आणि त्या दाबाची केबल बाजारात मिळत होती. म्हणून रायगढच्या वाहिनीबद्दल दिलेले उत्तर या वाहिनीला लागू पडत नव्हते. शेतकऱ्यांना मात्र दोन्ही वाहिन्यांबद्दल एकच उत्तर देण्यात आले.

डी. सी. केबल ही काही अलीकडची नवलाई नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. एल्ब नदीकाठच्या वीजकेंद्रापासून बर्लिनपर्यंत सुमारे ११५ किलोमीटर लांबीची जमिनीखालची डी. सी. वाहिनी जर्मनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. बॉम्बफेकीतून वाचावी म्हणून ती पुरलेली होती. ती नियमित चालू होण्याआधीच युद्ध संपले. सोव्हिएत संघाने युद्धभरपाई म्हणून ही सामग्री उचलून नेली, आणि १९५०–५१ च्या सुमारास तिच्यातूनच काशिरा ते मॉस्को ही २०० किलोव्होल्टची वाहिनी उभी राहिली. काशिरा हे नाव आपल्या जुन्या वाचकांना परिचयाचे असेल. १९२० च्या विद्युतीकरण योजनेतील अगदी पहिल्या केंद्रांपैकी ते एक होते आणि १९२२ मध्ये, उपासमारीने आणि यादवीने पोळलेल्या देशात, ते सुरू झाले होते. क्षमता होती अवघी ३० मेगावॅट. पण पुढच्या मोठ्या डी. सी. वाहिन्यांचे शिक्षण सोव्हिएत अभियंत्यांनी त्या पुरलेल्या तारेवर घेतले.

(जाता जाता: 'भूमिगत' या शब्दाचा आपल्या पक्षाच्या वयोवृद्ध सभासदांच्या मनात अगदी वेगळाच अर्थ आहे. या विषयावरची कागदपत्रे मराठीत आणताना 'भूमिगत वाहिन्यांचे जाळे' असे लिहावे लागले तेव्हा कार्यालयात हशा पिकला. तरीही शब्द योग्य आहे म्हणून तोच ठेवला.)

आता खर्चाकडे वळू. केबलच्या विरोधात हेच सर्वांत वजनदार म्हणणे आहे आणि ते झटकून टाकण्याजोगे नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली या विषयाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. वाहिनीच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च धरला तर मनोऱ्यांवरच्या चारशे किलोव्होल्टच्या वाहिनीला दर किलोमीटरला सुमारे २२ ते ४२ लाख पौंड आणि पुरलेल्या केबलला सुमारे १ कोटी २ लाख ते २ कोटी ४१ लाख पौंड लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे पाच-सहा पटींचा फरक. आपल्याकडे सरकार न्यायालयांत जे गुणोत्तर सांगते ते याहूनही मोठे असते.

परंतु या गुणाकारात एक पद शून्य धरलेले आहे. ते पद म्हणजे शेतकऱ्याची जमीन. मनोऱ्यांची वाहिनी स्वस्त पडते, त्यामागे पोलाद स्वस्त असणे हे एक कारण आहे. दुसरे आणि मोठे कारण असे की, ज्या जमिनीवरून ती जाते त्या जमिनीची किंमत कायद्यानेच हिशेबाबाहेर ठेवली आहे. कायदा कोणता? तर १८८५ चा भारतीय तार कायदा. ब्रिटिश साम्राज्याच्या तारा विनाअडथळा जाव्यात म्हणून केलेल्या या कायद्याने तार खात्याला कोणाच्याही जमिनीत खांब रोवण्याचा अधिकार दिला. जमीन संपादन होत नाही, मालकी शेतकऱ्याचीच राहते; खात्याला मिळतो तो केवळ वापराचा हक्क. शेतकरी आडवा आला तर जिल्हा दंडाधिकारी हुकूम काढतो. २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ व्या कलमाने हेच अधिकार वीजवाहिन्या उभारणाऱ्यांना देता येतात, मग ते सार्वजनिक महामंडळ असो की खाजगी कंपनी. तार खात्याची शेवटची तार १४ जुलै २०१३ ला गेली. संसदेने २०२३ मध्ये दूरसंचाराचा नवा कायदा केला, तेव्हा १८८५ चा कायदा रद्द ठरवतानाच त्याचा तिसरा भाग वीजवाहिन्यांपुरता चालू राहील अशी खास तरतूद करून ठेवली. तार गेली, पण तारेच्या नावाने शेतकऱ्याच्या रानात शिरण्याचा हक्क मात्र मागे राहिला.

इंग्रजी कागदपत्रांत यासाठी 'राइट ऑफ वे' असा शब्दप्रयोग येतो. मराठीत त्याचा 'वाटहक्क' असा अनुवाद करावा लागतो, आणि तो लिहिताना दरवेळी लेखणी अडखळते. ज्याची वाट आहे त्याचा हक्क नाही आणि ज्याला हक्क आहे त्याची वाट नाही, असा हा विचित्र शब्द आहे.

ऑक्टोबर २०१५ पर्यंत मनोऱ्याखाली गेलेल्या जमिनीबद्दल देशभर लागू होईल असे कोणतेही धोरण नव्हते. पिकांची आणि झाडांची भरपाई काय ती मिळे. त्या महिन्यात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीसाठी मूल्याच्या ८५ टक्के, तर तारांखालच्या पट्ट्यासाठी फार तर १५ टक्के भरपाई सुचवली. जून २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २०० आणि ३० टक्क्यांवर नेण्यात आले. ही वाढ मंत्रालयाला अचानक झालेल्या साक्षात्काराने आलेली नाही. नऊ वर्षांच्या काळात राज्याराज्यांतून शेतकऱ्यांनी कामे अडवली, गुन्हे अंगावर घेतले, उपोषणे केली, त्याचे ते फळ आहे. तरीही ती मार्गदर्शक तत्त्वेच आहेत. राज्यांनी ती स्वीकारली तर लागू. आणि पट्ट्यातील जमिनीवर उंच झाड लावता येत नाही, घर बांधता येत नाही, बँक त्या जमिनीवर कर्ज देताना नाक मुरडते आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागते. हे नुकसान पिढ्यान्‌पिढ्यांचे असते आणि ३० टक्के एकदाच मिळतात.

हा सारा खर्च वाहिनीच्या किमतीत धरला तर पाच-सहा पटींचा फरक किती उरेल? कदाचित तीन पट उरेल, कदाचित चार पट. तो नाहीसा होईल असा आमचा दावा नाही. दाट वस्ती, फळबागा, ओलिताची बारीक खातेफोड अशा ठिकाणी तो बराच कमी होईल आणि ओसाड माळावर फारसा होणार नाही, एवढे निश्चित. म्हणजे प्रश्न 'सगळीकडे केबल की सगळीकडे मनोरे' असा उरतच नाही. कोठे काय, हे ठरवण्याचा तो प्रश्न होतो. आणि ते ठरवताना कोणाचे नुकसान मोजायचे आणि कोणाचे नाही, हा त्याच्या मुळाशी असलेला राजकीय प्रश्न उघडा पडतो.

केरळात तो वेगळ्या रीतीने सुटला याची कारणे शोधण्यास फार लांब जायला नको. तेथे घराला घर लागून आहे, भूधारणा लहान आहे, आणि लोक संघटित आहेत. एडमन ते कोची ही चारशे किलोव्होल्टची १४८ किलोमीटरची वाहिनी लोकांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे रखडली होती. राज्य सरकारने वाढीव भरपाईचा भार उचलल्यानंतर, आणि खेडोपाडी बसून बोलणी केल्यानंतर, ती २०१९ मध्ये पुरी झाली. त्रिशूरच्या वेळी आखणी करणाऱ्यांना हा अनुभव समोर दिसत होता. मनोरे उभारू म्हटले तर दहा वर्षे जातील, केबल पुरली तर दोन-तीन वर्षांत काम होईल, असा साधा हिशेब त्यांनी केला. म्हणजे तंत्रज्ञानाची निवडसुद्धा लोकांच्या संघटित ताकदीने ठरते. कोंगू भागातील शेतकऱ्यांची ताकद २०१८ मध्ये कमी नव्हती, पण ती उभी राहिली तेव्हा आखणी संपून पायाभरणी चालू झाली होती. कंत्राटे निघाल्यानंतर केबलची मागणी करणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणे बदला म्हणण्यासारखे आहे. हा दोष त्या शेतकऱ्यांचा नव्हे. वेळीच माहिती न देणाऱ्या यंत्रणेचा तो आहे आणि, स्पष्टच बोलायचे तर, वेळीच माहिती न मिळवणाऱ्या आपणा सर्वांचाही आहे.

याच संदर्भात राजस्थान आणि गुजरातमधील माळढोक पक्ष्याचा खटला पाहण्याजोगा आहे. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, वजन फार, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. तो तारांवर आदळून मरतो. देशात त्याची संख्या दीडशेच्या आसपास उरली आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केले, तेथेही तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. थरच्या वाळवंटातील ४२०० चौरस किलोमीटरच्या टापूत तारांमुळे वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकच्या अधिवासातील कमी दाबाच्या तारा जमिनीखाली घ्याव्यात आणि उच्चदाबाच्या तारांबाबत शक्याशक्यता तपासावी, असा आदेश दिला. हे क्षेत्र सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यानंतर केंद्र सरकार न्यायालयात गेले आणि एवढ्या केबल टाकणे तांत्रिकदृष्ट्या आणि आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, सौरऊर्जेची उद्दिष्टे त्यामुळे कोसळतील, असे त्याने सांगितले. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

सौरवीज हवीच आहे, याबद्दल दुमत नाही. कोळशाच्या राखेखाली दबलेल्या चंद्रपूरच्या किंवा सिंगरौलीच्या कामगाराला ती कोणाहूनही अधिक हवी आहे. परंतु वाळवंटात जी सौरक्षेत्रे उभी राहत आहेत त्यांच्या किमतीच्या बोली कमीत कमी पैशांत वीज देण्याच्या आहेत, आणि त्या वाहिन्यांखालची ओरणे म्हणजे गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराने आणि चराऊ राने आहेत. तेथील मेंढपाळांकडे सातबारादेखील नाही. शेतकऱ्याला निदान ३० टक्के मागता येतात. ज्याची जमीन कागदावर पडीक आहे त्याने काय मागावे? माळढोकसाठी न्यायालयाचे दार ठोठावणारे कोणी तरी निघाले. मेंढपाळासाठी दार ठोठावण्याचे काम संघटनेचे आहे.

परंतु केबल पुरली की प्रश्न सुटला, असे मानण्याच्या मोहापासूनही सावध राहिले पाहिजे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या ११० किलोव्होल्टच्या चार केबल जमिनीखाली होत्या. पूर्वी तेथे लोकनियुक्त वीज मंडळ होते. १९९० च्या दशकातील तथाकथित सुधारणांत त्याचे कंपनीत रूपांतर झाले आणि ती कंपनी शेजारची वीज कंपनी ताब्यात घेण्याच्या खटपटीत गुंतली होती. १९९८ चा उन्हाळा कडक होता, जमीन कोरडी पडली होती. कोरडी माती उष्णता वाहून नेत नाही, हे कोणत्याही केबल अभियंत्याला ठाऊक असते. २२ जानेवारीला पहिली केबल गेली. ९ फेब्रुवारीला दुसरी गेली. उरलेल्या दोघींवर भार पडला आणि १९–२० फेब्रुवारीला त्याही गेल्या. एका प्रगत देशातील सर्वांत मोठ्या शहराचे हृदय पाच आठवडे अंधारात राहिले. शेवटी २७ मार्चला पुरवठा पूर्ववत झाला तो कशाने? तर रेल्वेमार्गाच्या कडेने घाईघाईने उभारलेल्या, खांबांवरच्या तारेने. सरकारी चौकशीत निष्पन्न झाले की, त्या केबलची कागदावरची क्षमता आणि प्रत्यक्ष मातीतील क्षमता यांत अंतर होते आणि धोक्याचे नियोजन पुरेसे नव्हते. उघडी तार तुटली तर काही तासांत जोडता येते. केबल फुटली तर दोष शोधण्यातच दिवस जातात, खोदण्यात आणि जोडण्यात आठवडे. म्हणून केबलला जादा समांतर मार्ग लागतो, राखीव साठा लागतो आणि कायमस्वरूपी कुशल कामगार लागतात. नफ्याच्या हिशेबात या तिन्ही गोष्टींना नेहमी कात्री लागते.

कुशल कामगारांचा मुद्दा आमच्या मते पुरेशा गांभीर्याने कोणीच मांडलेला नाही. उच्चदाबाची केबल एका तुकड्यात येत नाही. ड्रमवर मावेल तेवढ्याच लांबीचे, बहुधा पाऊण-एक किलोमीटरचे तुकडे येतात आणि दर टप्प्याला जोड द्यावा लागतो. खड्ड्यावर तंबू उभारून, आतील हवा कोरडी आणि धूळमुक्त ठेवून, कामगार वेष्टनाचे थर सोलतो, कडा आरशासारख्या घासतो आणि जोड बसवतो. एकेका जोडाला दिवसच्या दिवस लागतात. हे काम हातांचे आहे, आणि त्या हातांना दहा-दहा वर्षांचा सराव लागतो. मुंबई शहराच्या पोटातून पूर्वीपासून केबल आहेत. तेथील जुन्या जॉइंटर कामगारांना विचारावे, ते सांगतील की, त्यांची जागा आता बव्हंशी कंत्राटाने भरली जाते. दुसरीकडे मनोरे उभारणीच्या कामावर पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या देशभर फिरतात. मोठ्या उंचीवर, कित्येकदा सुरक्षापट्ट्याविना ते काम करतात आणि त्यांच्यातील मृत्यूंच्या बातम्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रापलीकडे जात नाहीत. मनोऱ्यांची वाहिनी स्वस्त का पडते याचे तिसरे कारण हे आहे. केबलची मागणी करताना या मालदाच्या तरुणांना जॉइंटरचे प्रशिक्षण आणि कायम नोकरी द्या, ही मागणी तिच्यासोबतच गेली पाहिजे. नाहीतर शेतकऱ्याची शेती वाचेल आणि कामगाराचे पोट जाईल.

त्रिशूरची केबल जपानच्या सुमितोमो कंपनीची आणि रूपांतरण केंद्रे जर्मनीच्या सीमेन्सची आहेत. हे वाचून कोणाही देशप्रेमी माणसाला थोडे वाईट वाटेल, आणि वाटावेही. कारण आपली सुरुवात वेगळी होती. १९८९ मध्ये बस्तरमधील बारसूर ते आंध्रातील लोअर सिलेरू ही १९६ किलोमीटरची डी. सी. वाहिनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या अभियंत्यांनी स्वदेशी सामग्रीवर उभारली होती. १९९० च्या दशकाअखेरीस चंद्रपूर ते पडघे ही १५०० मेगावॅटची, ५०० किलोव्होल्टची वाहिनी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने उभारली, तेव्हा भारत हेवी इलेक्ट्रिकल्स परदेशी कंपनीच्या जोडीला होती. पुढे बारसूरचा प्रयोग प्रयोगच राहिला. स्वतःची डी. सी. केबल बनवण्याचा कारखाना तेव्हाच सार्वजनिक क्षेत्रात उभा राहिला असता, तर 'केबल परवडत नाही' या वाक्यातील बराचसा परकीय चलनाचा भाग आज गळून पडला असता.

उलट पारेषणाचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने खाजगी बोलीदारांना खुले करण्यात आले. २००६ च्या दरधोरणाने त्याचा पाया घातला आणि २०११ पासून, अपवाद वगळता, आंतरराज्य वाहिन्या बोलीनेच दिल्या जाऊ लागल्या. बोलीचा निकष सर्वांत कमी दर हा असतो. निविदेत केबल लिहिलेली नसेल तर कोणताही बोलीदार स्वतःहून केबल पुरणार नाही. आणि निविदा लिहिणाऱ्यांच्या बैठकीला शेतकऱ्यांचा प्रतिनिधी नसतो. जेथे गिऱ्हाईक श्रीमंत आहे तेथे मात्र चित्र बदलते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली आणि त्यानंतर शहरात बाहेरून वीज आणण्याच्या वाहिन्यांना गती आली. त्यांतील कुडूस ते आरे ही १००० मेगावॅटची डी. सी. वाहिनी एका खाजगी कंपनीकडे आहे. तिच्या सुमारे ८० किलोमीटरपैकी ५० किलोमीटरच्या आसपास केबल जमिनीखाली आहे. मुंबईच्या जागेत मनोरा उभारणे शक्यच नव्हते, हे खरे. पण तिच्या उरलेल्या मनोऱ्यांच्या वाटेवर पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतील गावे आहेत, हेही तितकेच खरे.

जर्मनीत उत्तरेची वाऱ्याची वीज दक्षिणेला नेणाऱ्या मोठ्या डी. सी. वाहिन्यांविरुद्ध गावोगावी विरोध झाला, तेव्हा तेथील संसदेने २०१५ मध्ये कायदाच केला की, अशा वाहिन्या प्राधान्याने जमिनीखालून जातील. खर्च प्रचंड वाढला, वेळापत्रक लांबले आणि तो निर्णय बरोबर होता का, यावर तेथे पुन्हा वाद सुरू आहे. केबलच्या चरावरून उष्णता किती पसरते, खोदलेली माती पुन्हा थर लावून भरली नाही तर पीक येते का, असे प्रश्न तेथील शेतकऱ्यांनीही उपस्थित केले. आपल्याकडेही केबलच्या पट्ट्यावर खोल मुळांचे झाड लावता येणार नाही, विहीर खणता येणार नाही. म्हणूनच मागणी शेतातून केबल नेण्याची असू नये. ती रस्त्याच्या कडेची, सरकारी जमिनीतून जाणाऱ्या केबलची असली पाहिजे. नव्या महामार्गांची आखणी होत असताना रुंदीतच केबलसाठी जागा राखून ठेवली तर पुढच्या वीस वर्षांचे भांडण आजच निम्म्याने कमी होईल, आणि याला फार मोठा खर्चही नाही.

ज्या राज्यांत नव्या वाहिन्या प्रस्तावित आहेत तेथील आपल्या शेतकरी आघाडीच्या समित्यांनी पुढील काही महिन्यांत या विषयाचा अभ्यास हाती घ्यावा. वाहिनी ए. सी. आहे की डी. सी., दाब किती, कोणत्या तालुक्यातून आखणी आहे, निविदा निघाली की नाही, एवढे चार प्रश्न प्रथम. वाहिनी डी. सी. असेल आणि दाब केबलच्या आवाक्यातला असेल तर केबलची मागणी निविदेपूर्वी, लेखी आणि पर्यायी मार्गाच्या नकाशासह करावी; आवाक्याबाहेरचा असेल तर भरपाई, मार्गबदल आणि वार्षिक भाडे यांवर लढा केंद्रित करावा. वाहिनीच्या आखणीची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती घेण्यास मुदत असते. ती बहुधा आतल्या पानावर, निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींमध्ये, बारीक टाइपात छापलेली असते, आणि तिच्यात गावांची नावे असतात.